राष्ट्रपती बाई, पण मतदार कोण?

२००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. त्या पदावर प्रथमच एक स्त्री आली, तीही महाराष्ट्राची. तेव्हा भाजपबरोबर असलेल्या शिवसेनेनेही मराठी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा दिला. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. दोन्ही वेळा आनंद झालाच. पण राष्ट्रपतीला निवडून कोण देते, हा प्रश्न आपल्या बैठकांत क्वचितच निघतो.

काळाचौकीतल्या बाईला हे मत नसते. तिच्या वतीने शिवडीचा आमदार आणि इथला खासदार मत देतो. संसद आणि विधानसभा यांतील निवडून आलेल्या सदस्यांचा हा निर्वाचकगण. विधान परिषदेच्या सदस्यांना आणि नगरसेविकांना त्यात स्थान नाही.

आमदाराच्या मताला राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे मूल्य असते. लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचे, मग हजाराने. महाराष्ट्रातल्या आमदाराचे मत १७५, उत्तर प्रदेशातल्याचे २०८, सिक्कीममधल्याचे ७. मात्र ही लोकसंख्या १९७१ सालची, म्हणजे गिरणगावात भोंगे वाजत होते तेव्हाची! कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवला. पुढे ते कुटुंबनियोजन चालले मुख्यतः बायकांच्या शस्त्रक्रियांवर. राज्याचे वजन बायकांनी आपल्या शरीरावर राखले. त्या वजनात त्यांचा वाटा किती?

हिशेब सोपा आहे. २०२४ मध्ये विधानसभेच्या २८८ जागांवर २१ स्त्रिया निवडून आल्या. १७५ ने गुणले, तर राज्याच्या ५०,४०० पैकी ३,६७५ मतमूल्य स्त्रियांच्या हाती. त्याच वर्षी लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया गेल्या. पालिकेत आपल्याला निम्म्या जागा आहेत, पण ती मते इथे मोजली जात नाहीत. २०२३ च्या कायद्याने लोकसभा व विधानसभांत एकतृतीयांश जागा देऊ केल्या, पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, अशी अट घालून. राज्यसभा तर त्यातून वगळलेलीच.

सर्वोच्च पदाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी एका बैठकीत ठरवतात. तिथे स्त्री बसवणे त्यामानाने सोपे. निवडून देणाऱ्यांत स्त्रिया आणायच्या, तर शेकडो पुरुषांना उमेदवारी सोडावी लागते. अडते ते इथे.

म्हणून मैत्रिणींनो, मते मागायला चाळीत येणाऱ्या प्रत्येक पक्षाला नळ, गटार, पुनर्विकास यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारू या : विधानसभेला तुम्ही किती बायका उभ्या केल्यात, आणि त्यांतल्या किती जिंकण्याजोग्या जागांवर?