खेळातल्या कथेला समीक्षक हवा

साहित्याचे पदवीधर व्हिडिओ गेमच्या उद्योगात काय करू शकतील, असा प्रश्न आम्हांला अलीकडे वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा प्राध्यापक असतात आणि त्यांच्या प्रश्नामागे विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याची खरी काळजी असते. आम्ही यथाशक्ती उत्तर देतो. पण प्रत्येक वेळी मनात येते, की हा प्रश्न कधीतरी उलट्या बाजूनेही विचारला जावा. साहित्यविभाग ह्या माध्यमाला काय देऊ शकतील? आमचे उत्तर एका शब्दाचे आहे : समीक्षा.

आमचे शिक्षण मराठी साहित्यात झाले. पुण्यातील एका स्टुडिओत आम्ही गेली काही वर्षे 'नॅरेटिव्ह डिझायनर' म्हणून काम करतो आणि पाच लेखकांच्या गटाचे प्रमुखपदही आमच्याकडे आहे. ह्या पदाला मराठीत रूढ शब्द नाही. 'कथारचनाकार' हा आम्ही कामचलाऊ म्हणून वापरतो. संवाद लिहिणारा तो लेखक आणि ते संवाद कोणाला, केव्हा, कशानंतर ऐकू यावेत हे ठरवणारा तो रचनाकार, अशी ढोबळ विभागणी करता येईल. प्रत्यक्षात दोन्ही कामे एकाच टेबलावर चालतात.

अडचण कुठे असते ते साध्या गणिताने कळते. खेळाडूला दहा ठिकाणी तीन-तीन पर्याय दिले आणि प्रत्येक पर्यायातून वेगळी कथा काढायची म्हटली, तर 59,049 वाटा होतात. तितक्या कोणी लिहू शकत नाही. म्हणून वाटा फुटू द्यायच्या आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणायच्या, हे ह्या कलेचे मूळ तंत्र. केंब्रिजच्या इंकल ह्या स्टुडिओने अशा लेखनासाठी 'इंक' नावाची भाषा तयार केली आणि 2016 साली ती सर्वांना खुली केली. तिच्यातील कथेच्या विभागांना 'गाठ' आणि 'टाका' अशा अर्थाची नावे आहेत. शिवणकामातून आलेली ही परिभाषा आम्हांला फार नेमकी वाटते. वाटा एकत्र येतात तिथली शिवण दिसता कामा नये. 'मी तुला सोडून गेलो होतो' आणि 'मी तुझ्यासाठी परत आलो होतो' ह्या दोन्ही भूतकाळांनंतर एकच वाक्य खरे वाटावे, असे ते वाक्य शोधावे लागते. त्यात संध्याकाळ जाते.

मराठीत हे काम आणखी अवघड आणि आमच्या मते आणखी मनोरंजक होते. नायक पुरुष असावा की स्त्री हे खेळाडूवर सोपवले, की इंग्रजीतले जे वाक्य एकदा लिहून भागते ते मराठीत 'मी आलो' आणि 'मी आले' असे दोनदा लिहावे लागते. ध्वनिमुद्रणही दोनदा. दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. इंग्रजीत समोरच्याला संबोधण्यासाठी एक सर्वनाम पुरते. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' ह्यांपैकी काय वापरायचे हे पात्रांच्या नात्यावर ठरते आणि नाते तर खेळाडूच्या कृतीने बदलत असते. म्हणजे एखादी पोक्त बाई नायकाला 'अहो' म्हणायचे सोडून 'अरे' कधी म्हणू लागली, ह्याची नोंद संगणकाला ठेवावी लागते. गेल्या वर्षी एका प्रयोगात आम्ही हेच कथेचे सूत्र केले. भांडण, समेट, संशय हे सारे एका सर्वनामाच्या बदलातून सुचवता आले. प्रोग्रामर मंडळींनी आधी कपाळाला हात लावला. नंतर त्यांनाच ते सर्वांत आवडले.

गटप्रमुखाचे काम मात्र बहुतांशी संपादकाचे आहे. पाच जणांची भाषा एका पात्राच्या तोंडी एकजीव व्हावी म्हणून एक वही ठेवायची, दर आठवड्याला सारे संवाद मोठ्याने वाचून घ्यायचे, पहारेकऱ्याच्या 'कोण आहे तिकडे?' ह्या आरोळीची वीस रूपे तपासायची आणि ध्वनिमुद्रणाची तारीख आली की उरलेल्या शंका पोटात घालून मजकूर बंद करायचा. आणि कापायचे. आपल्या सहकाऱ्याची चांगली वाक्ये कापताना हात थरथरला नाही, तर त्या माणसाने प्रमुख होऊ नये.

ह्या कापण्याचाच एक प्रसंग सांगितला म्हणजे आमची मागणी स्पष्ट होईल. एका खेळात आमच्या गटातील सर्वांत तरुण लेखिकेने एका म्हाताऱ्या नावाड्याचे स्वगत लिहिले होते. नाव धरणाच्या पाण्यातून जात असते आणि तो खाली बुडालेल्या गावांची नावे एकामागून एक घेतो. स्वगत जेमतेम दोन मिनिटांचे. खेळ चाचणीसाठी दिला तेव्हा नोंदींतून दिसले, की बहुसंख्य खेळाडू तिसऱ्या वाक्यालाच पुढे जाण्याचे बटण दाबतात. बैठकीत आलेख दाखवला गेला. स्वगत अर्ध्यावर आणण्याचा निर्णय आम्ही घेतला आणि त्याची जबाबदारीही आमचीच. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "एकच सांगा. ते वाईट होतं म्हणून काढलं, की लोकांनी ऐकलं नाही म्हणून?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. अजूनही देता येत नाही. स्वगत चुकीच्या जागी होते का? नाव वल्हवताना खेळाडूच्या हाताला काही काम नव्हते, म्हणून त्याचे कान मिटले का? की एवढा संथपणा हाच त्या प्रसंगाचा अर्थ होता आणि काही थोड्यांनीच तो घ्यावा हे आम्ही मान्य करायला हवे होते? ह्या प्रश्नांवर वाद घालायला लागणारी भाषा आमच्या बैठकीत कोणाजवळ नव्हती. आलेख मात्र होता. कोणी किती मिनिटे खेळले, कुठे सोडले, काय टाळले हे तो अचूक सांगतो. पण टाळलेली गोष्ट टाळण्याजोगी होती का, हे तो सांगू शकत नाही. जिथे दुसरे कोणी बोलतच नाही, तिथे त्याचाच शब्द अखेरचा ठरतो.

समीक्षेने ह्यात काय फरक पडेल, असे कोणी विचारील. एक उदाहरण देतो. 2007 साली 'बायोशॉक' हा खेळ आला. समुद्रतळाशी वसवलेल्या रॅप्चर नावाच्या शहराची ती कथा आहे आणि निखळ स्वार्थाचे तत्त्वज्ञान हा तिचा विषय. त्याच वर्षी क्लिंट हॉकिंग ह्या गेम डिझायनरने आपल्या ब्लॉगवर एक टिपण लिहिले. त्याचा आक्षेप असा होता : खेळाचे नियम स्वार्थाची वाट खेळाडूपुढे खुली ठेवतात, पण कथा त्याला दुसऱ्या माणसाला मदत करायलाच लावते आणि त्याबाबत पर्याय देत नाही. नियम एक सांगतात, कथा दुसरेच. ह्या विसंगतीला त्याने 'ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' असे नाव दिले. शब्द बोजड खरा. पण तो आल्यावर जगभरच्या स्टुडिओंना आपल्या एका दोषावर बोट ठेवता येऊ लागले. पुढे त्या शब्दाचा अतिवापर झाला, त्याची थट्टाही झाली. तरीही एका टिपणाने बैठकीतला वाद बदलला, हे खरेच.

आपल्याकडे ह्या विचारासाठी लागणारी सामग्री आधीपासून आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे मांडली. नियम आणि कथा ह्यांच्यातील विसंगती प्रत्येक वेळी दोषच असते का, की ती विरोधलयीचे काम करू शकते, हा प्रश्न मर्ढेकर वाचलेल्या विद्यार्थ्याला सुचायला हवा. साधारणीकरणाची कल्पना घ्या. तिच्यात रसिक आणि पात्र ह्यांच्यात एक अंतर गृहीत आहे. खेळात ते कृत्य आपल्याच बोटांनी घडलेले असते. मग जे वाटते ते करुण, की साधा अपराधभाव? आणि अपराधभावाचा रस होतो का? आमच्या मते हा एम. ए.च्या प्रबंधाला पुरेल इतका मोठा प्रश्न आहे.

'गेम हे साहित्य आहे का?' असा आक्षेप येणार, हे आम्ही जाणतो. एस्पेन आर्सेथ ह्यांचे 'सायबरटेक्स्ट' आणि जॅनेट मरे ह्यांचे 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' ही दोन्ही पुस्तके 1997 सालची; म्हणजे ह्या वादाला पाव शतक उलटून गेले. तो वाद सुटल्यावरच वाचायला बसू म्हणणे हा टाळण्याचा प्रकार झाला. नाटक हे साहित्य की प्रयोग, हा प्रश्नही सुटलेला नाही आणि आपण नाटके शिकवतोच.

हे माध्यम गंभीर वाचनाचा भार पेलते, ह्याचा पुरावा हवा असेल तर 2019 सालचा 'डिस्को इलिझियम' पाहावा. त्याचा प्रमुख लेखक-रचनाकार रॉबर्ट कुर्वित्झ हा एस्टोनियाचा. स्मृती गमावलेला एक गुप्तहेर, एका खुनाचा तपास आणि दहा लाखांच्या आसपास शब्द. नायकाच्या मनाच्या चोवीस शक्ती, म्हणजे तर्क, सहानुभूती, अधिकार वगैरे, स्वतंत्र पात्रांसारख्या बोलतात, एकमेकींना खोडतात, नायकाला फसवतातही. त्यांतल्या कोणाचा आवाज ऐकू येणार, हे खेळाडूने सुरुवातीला केलेल्या निवडीवर आणि फाशांवर ठरते. 'रात्रीचा दिवस' शिकवताना आपण संज्ञाप्रवाहाची चर्चा करतो. तो प्रवाह इथे प्रत्येक वाचकासाठी वेगळा फुटतो. तो वाचायचा कसा?

त्या खेळाची आणखी एक बाजू आम्हां मराठी लोकांना जिव्हारी लागावी अशी आहे. त्याच कल्पित जगावर कुर्वित्झने 2013 साली एस्टोनियन भाषेत कादंबरी लिहिली होती. तिला फारसे वाचक लाभले नाहीत. खेळ इंग्रजीत लिहिला गेला आणि जगभर पोचला. पुढे तो आणि त्याचे दोन प्रमुख सहकारी कंपनीतून बाहेर पडल्याचे 2022 साली जाहीर झाले. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आरोप केले. त्यांत न्याय कोणाचा हे ठरवणे आमचे काम नाही. पण लेखकाने उभे केलेले जग करारानुसार त्याच्या हातून जाऊ शकते, हे ह्या व्यवसायाचे वास्तव विद्यार्थ्यांना पाठवणाऱ्यांनी समजून घ्यावे. अशा वेळी हे लेखन कोणाचे, हे नोंदवून ठेवणारी एकच जागा उरते आणि ती समीक्षा होय.

श्री. पु. भागवतांसारखा संपादक 'सत्यकथे'त लेखकाशी शब्दाशब्दावर चर्चा करीत असे, त्यामागे त्या काळच्या वाङ्मयीन वादांचे बळ होते. संपादक आणि लेखक ह्यांच्यात एक समान भाषा होती. आमच्या टेबलावर तीच नाही.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. 'गेमसाठी लेखन' असा अभ्यासक्रम घाईने काढू नका. सॉफ्टवेअर आम्ही शिकवू, त्याला महिना पुरतो. त्याऐवजी एखाद्या सत्रात एक खेळ पाठ्य म्हणून लावा. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स ह्या स्टुडिओचा 2020 सालचा 'राजी' घ्या. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू आपापसांत बोलत सांगतात. हे निवेदक काय करतात? ते सूत्रधार आहेत की प्रेक्षक? ते बोलत असताना खेळाडूचे हात कशात गुंतलेले असतात? विद्यार्थ्यांकडून चार-चार पाने लिहून घ्या, कठोरपणे तपासा आणि जमल्यास छापा. आमच्या खेळांवरही लिहा. झोडपलेत तरी चालेल.

ती लेखिका अजून आमच्याच गटात आहे. नावाड्याचे मूळ स्वगत तिने जपून ठेवले आहे. ते वाईट होते की नाही, हे तिला सांगू शकेल असा वाचक आम्हांला हवा आहे.