ठाण्यात गप्प राहणं हा गुन्हा नाही

"काही केलं नाही तर बोलायला काय जातंय?" हे वाक्य पोलीस बोलले असते तर मला नवल वाटलं नसतं. आमच्या वस्तीतल्या एका पोराला बॅनरच्या भांडणात चौकशीला नेलं, तेव्हा ते त्याच्या सख्ख्या काकांनी ठाण्याच्या दारात म्हटलं. पोरगा चार तास बोलला. भांडण त्याने केलंच नव्हतं. पण तो तिथे होता हे त्यानेच सांगितलं, आणि आणखी तिघांची नावंही.

संविधानाच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. १९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू असल्याचं सांगितलं. त्या ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांना हा हक्क मागत तिथवर जावं लागलं, मग आपल्या पोरांची काय कथा!

पण हक्क म्हणजे आडमुठेपणा नव्हे. नाव-पत्ता सांगा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८० म्हणतं, प्रश्नांना खरी उत्तरं द्या. सूट आहे ती ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू शकतो त्याला. तिथे खोटं बोलू नका, गप्प राहा. तपासात पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर आपली सही घ्यायची नसते (कलम १८१). पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे खरं, पण कोठडीत तुम्ही सांगितल्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. "नुसतं दाखव, सोडतो" यामागे बऱ्याचदा हेच असतं.

कार्यकर्ते म्हणतात, गप्प बसला तर मार पडेल. खोटं कसं म्हणू? परभणीत डिसेंबर २०२४ च्या धरपकडीनंतर कायदा शिकणारा आपला तरुण न्यायालयीन कोठडीत गेला तो परत आला नाही. म्हणूनच पोराला एकटं सोडायचं नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेत कलम १५अ मांडलं, तेच आजचं कलम २२: अटकेचं कारण सांगणं, वकील, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेट. जयंतीच्या भाषणांत हे कलम मी क्वचितच ऐकलंय.

आता विहारात रविवारी वंदनेनंतर आम्ही ही कलमं वाचतो. वकिलाचा नंबर प्रत्येकाने कागदावर लिहून ठेवायचा, कारण मोबाईल आधी काढून घेतात. परवा ते काकाही आले. घरातल्या बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावलं तर काय, विचारत होते. कलम १७९ दाखवलं: तिला ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं.