बाळ आल्यावर व्यायाम कुणाच्या वेळेवर चालतो?

चळवळीतले आमच्या वयाचे बरेच साथी गेल्या काही वर्षांत आईबाप झाले. वस्तीतल्या जिममध्ये घाम गाळणारे, पहाटे मैदानावर जोर-बैठका मारणारे हे लोक. बाळ आले आणि त्यांचे सरळ दोन गट पडले. एकाचा व्यायाम सुटला, दुसऱ्याचा चालू राहिला. ज्यांचा चालू राहिला त्यांची जिद्द सगळे वाखाणतात. आम्हाला मात्र एक साधा प्रश्न विचारायचा आहे. साथी जिममध्ये वजन उचलत होता, तेव्हा घरी बाळ कुणी उचलले होते?

बहुतेक घरांत उत्तर एकच असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७ मिनिटे. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारातला एक. त्यावर अंगावर पाजणे, रात्रीची जागरणे, लंगोट धुणे धरा. अशा घरात बापाच्या दीड तासाच्या जिमची किंमत आई मोजते. 'वेळ काढला की निघतो' असे रीलवाले सांगतात. तो वेळ कुणाच्या वाट्यातून काढला, हे कुणी सांगत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. बाळ झाल्यावर ताकद टिकवणे हा जिद्दीपेक्षा वाटणीचा प्रश्न आहे. वाटणी न्यायाची असेल तर दोघांचीही ताकद टिकते. नसेल तर एकाचे दंड भरतात आणि दुसरीची कंबर जाते.

यावर आपल्याच समाजातून पहिला आक्षेप येतो. पिढ्यान्‌पिढ्या कष्ट उपसलेल्या माणसांना व्यायाम कशाला? पण आमच्या आज्या-आजोबांच्या पिढीने गोदीत पोती वाहिली, रोजगार हमीवर खडी फोडली, आणि पन्नाशीत त्यांचे गुडघे गेले. नुसत्या कष्टाने शरीर मजबूत होत असते तर हमालाची पाठ म्हातारपणी ताठ राहिली असती. कामावर वजन मुकादम ठरवतो आणि विश्रांती मालक ठरवतो. व्यायामात वजन आपण ठरवतो, हळूहळू वाढवतो, मध्ये विश्रांती घेतो. स्नायू भरून निघतो तो त्या विश्रांतीत आणि पोटभर खाण्यात. दुसऱ्यासाठी झिजलेले शरीर आणि स्वतःसाठी घडवलेले शरीर यांतला हा फरक आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. तान्हे बाळ असताना आठवड्यातले सहा दिवस जिम कुणालाच जमणार नाही. जमण्याची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस सांगितला आहे. शिवाय कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा फार कमी व्यायाम पुरतो. फेऱ्या कमी करा, दिवस कमी करा, फक्त वजन फार उतरवू नका. हे वर्ष विक्रम करायचे नाही, टिकून राहायचे आहे.

तर हिशेब असा मांडा. आठवड्यात चार पाळ्या, प्रत्येकी अर्ध्या तासाची. दोन आईच्या, दोन बापाच्या. एकाची पाळी चालू असताना बाळाची पूर्ण जबाबदारी दुसऱ्याची. 'बाळ रडतंय, घे गं जरा' अशी हाक मारायची नाही. व्यायामात पाच गोष्टी पुरेत: बसून उठणे, वाकून उचलणे, ढकलणे, ओढणे आणि ओझे घेऊन चालणे. जिमची फी परवडत नसेल तर पुस्तकांनी भरलेली पाठीवरची बॅग घेऊन बैठका मारा. भरलेला २० लिटरचा पाण्याचा जार साधारण २० किलोचा असतो. अजून दोन-तीन वेळा उचलता येईल असे वाटत असतानाच थांबा. रात्री चार तास झोप मिळाली असेल तर त्या दिवशी वजन कमी घ्या. आणि बाळ नेहमी एकाच कडेवर घेऊ नका. जन्मताना तीन किलोच्या आसपास असलेले लेकरू वर्षभरात जवळपास तिप्पट होते, तो भार दोन्ही बाजूंना वाटला गेला पाहिजे.

आता आईबद्दल. सव्वा महिना तिला विश्रांती मिळावी हे रास्तच आहे. पण तो संपताच हंडा, धुणे, स्वयंपाक तिच्या माथी येतो आणि तेव्हा कुणाला तिच्या पाठीची काळजी वाटत नाही. तिने स्वतःसाठी वजन उचलले की मात्र ती थेरं ठरतात! बाळंतपणानंतर पोटाचे आणि ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेले असतात. ते पुन्हा घट्ट करण्याची गरज तिलाच सगळ्यात जास्त आहे. सुरुवात श्वासाच्या व्यायामाने आणि चालण्याने करावी. वजनाकडे वळण्याआधी, विशेषतः सिझेरियन झाले असेल तर, डॉक्टरांना विचारावे. लघवी गळणे, खाली जड वाटणे, रक्त जाणे, टाके दुखणे असे काही झाले तर थांबून दाखवून घ्यावे. बेताच्या व्यायामाने दूध आटत नाही, पण खाणे वाढवावेच लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळले. तिच्या ताटात अंडी, डाळ, शेंगदाणे, सुकट, मटण आधी पडले पाहिजे. पुरुष जेवून उरलेल्यावर ताकद येत नसते.

या मागणीची मुळे आपल्याच इतिहासात आहेत. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली होती की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे आहे. पण घरकामगार, वीटभट्टीवरची बाई, घरी बसून विड्या वळणारी बाई या रजेबाहेरच राहते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापासाठी तसा कायदाच नाही. वाटणी घरात करायची म्हटली तर बापालाही घरी असण्याचा हक्क लागेल. तो मागितला पाहिजे.

आणि सुरुवात आपल्या संघटनेपासून झाली पाहिजे. रात्री नऊच्या बैठका कुणाला परवडतात? शिबिरात बाळांसाठी खोली असते का? वस्तीतला विहाराचा हॉल आठवड्यातून दोन संध्याकाळी आयांच्या व्यायामाला का देऊ नये, आणि त्या तासात लेकरे बापांनी का सांभाळू नयेत? समतेवर भाषण देणाऱ्या साथीची परीक्षा त्या तासाला होईल.

साथींनो, आजच आठवड्याचा कागद भिंतीवर लावा. पहिल्या दोन पाळ्या आईच्या नावावर लिहा.

जय भीम!