सूर्य नको, किनारा टिपा!

समुद्रावरच्या सूर्यास्ताचे छायाचित्र हा आता थट्टेचा विषय होऊन बसला आहे. रसिक म्हणविणारे नाक मुरडतात, "पुन्हा तोच तांबडा गोळा!" कॅमेऱ्यातले जाणकार बजावतात, "लांब पल्ल्याचे भिंग नसेल तर या भानगडीत पडू नये." एकाला विषय शिळा वाटतो, दुसऱ्याला हत्यार अपुरे वाटते. पण सूर्यास्ताच्या चित्रात सूर्यच मुख्य, हे दोघांनीही धरून चालले आहे. आमचा आक्षेप आहे तो या गृहीतालाच.

हिशेबच मांडू. आकाशात सूर्याचे बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे. ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या भिंगातून फिल्मवर उमटणारी त्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मोहरीचा दाणा तिच्यापुढे थोर! क्षितिजाशी तो परातीएवढा भासतो, हा आपल्या नजरेचा भ्रम. कॅमेऱ्याला तो होत नाही. पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत बिंबाला कोकणात दोन-अडीच मिनिटे लागतात. इतक्या चिमुकल्या, इतक्या घाईच्या पाहुण्यासाठी महागडे भिंग घ्यायचे आणि सारा किनारा चौकटीबाहेर लोटायचा! मग ते चित्र गुहागरचे की गोकर्णचे, गेल्या वर्षीचे की वीस वर्षांपूर्वीचे, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

साध्या कॅमेऱ्याला हा अविचार करताच येत नाही, हीच त्याची थोरवी. १९०० साली अमेरिकेत एका डॉलरला निघालेला कोडॅकचा ब्राउनी घ्या, एका रोलवर बारा चौकोनी चित्रे देणारा आग्फा क्लिक-३ घ्या, नाही तर आजचा खिशातला मोबाईल घ्या. सूर्य ठिपकाच राहतो आणि चौकट किनाऱ्याने भरते. ओहोटीची ओली वाळू आभाळाचा रंग झेलते. ओढून ठेवलेली होडी, खांद्यावर जाळे टाकून निघालेला माणूस उजेडापुढे काळ्या आकृती होऊन उभे राहतात.

आणि जपायचे आहे ते हेच. सूर्य उद्याही मावळेल. किनाऱ्याची तशी हमी कोण देतो? यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध गोव्याच्या रापणकारांना १९७० च्या दशकात लढा उभारावा लागला. गावच्या गाव वाळूत उभे राहून रापण ओढते आहे, हे दृश्य आता दुर्मिळ झाले आहे. कित्येक ठिकाणी लाटांनी सुरूच्या झाडांची मुळे उघडी पाडली आहेत. त्यांचे चित्र कोण काढून ठेवणार? सुटीत चार दिवस येणारा हौशी माणूसच ना? त्यालाच आम्ही तांबड्या गोळ्याच्या नादी लावले आहे!

"कॅमेरा ठेवा आणि डोळ्यांनी पाहा," असे सांगणारेही भेटतात. जो बाराच चित्रे घेऊ शकतो, त्याला आधी पाहावेच लागते. मोबाईलवाल्यांनीही एका संध्याकाळी बाराच चित्रांचे व्रत घेऊन पाहावे. सूर्य बुडाला की मंडळी वाळू झटकून उठतात. पण रंगाची खरी उधळण पुष्कळदा पुढच्या पाव तासात होते, ढग खालून पेटतात. उजेड उतरला की कॅमेरा होडीच्या काठावर टेकवावा. मोबाईल असेल तर पडद्यावर उजळ आकाशाच्या जागी बोट टेकवावे, म्हणजे रंग फिके पडत नाहीत. याहून मोठी विद्या या कामाला लागत नाही.

या दिवाळीत कोकणात गेलात, तर पाण्याच्या कडेला आजीला चालू द्या आणि चित्र घ्या. चेहरा दिसला नाही तरी चालण्यावरून नातवंडे तिला ओळखतील. मागे गावाचे नाव आणि साल लिहून ठेवा. सूर्याचे नाव लिहायची गरज नाही; तो सर्वांच्या ओळखीचा आहे.