रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही!

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही हं आजी, पाण्याचा थेंबसुद्धा नाही." केसपेपरवर 'एनबीएम' लिहिलं की झालं. आता बाराच का? पोटाला घड्याळ कळतं का? सिस्टरला विचारा, "ऑर्डर आहे." ऑर्डर देणाऱ्याला विचारा, "पहिल्यापासून असंच आहे."

यामागची भीती खोटी नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. १९४६ साली मेंडेल्सन या अमेरिकन डॉक्टरने बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांमधले असे ६६ प्रसंग नोंदवले. पण जेवण वेगळं आणि पाणी वेगळं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच लिहून दिलंय की हलकं खाणं भुलेच्या सहा तास आधीपर्यंत आणि पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. कोरा चहासुद्धा चालतो, दुधाचा नाही. २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात तर पाणी प्यायलेल्यांच्या पोटात उपाशी ठेवलेल्यांपेक्षा कमीच ऐवज सापडला. (तातडीचं ऑपरेशन, आतड्यातला अडथळा, जुना मधुमेह यांची गोष्ट वेगळी. तेव्हा हे वाचून परस्पर पाणी पिऊ नका, भूलतज्ज्ञांना विचारा.)

आणि हा प्रश्न कुणी नीट तपासला म्हणता? एका नर्सने! इंग्लंडमध्ये हॅमिल्टन स्मिथ बाईंचा 'निल बाय माउथ?' हा अभ्यास रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने १९७२ साली छापला. पन्नास वर्षं उलटून गेली!

आपल्याकडे लिस्टमध्ये पाचवा नंबर असलेली आजी दुपारी तीनला ओटीत जाते. म्हणजे पंधरा तास कोरडी. ओठ सुकलेले, डोकं दुखतंय, शीर सापडत नाही. हे सगळं बघते सिस्टर. तिला लिस्टचा क्रम कुणी सांगत नाही आणि तिने विचारलेलं कुणाला आवडत नाही.

"आपले पेशंट अडाणी, पाणी म्हटलं की चहा-बिस्कीट खाऊन येतील," असं म्हणतात. अहो, उपासाला भगर चालते, भात चालत नाही. शेंगदाणे चालतात, तूरडाळ चालत नाही, हे सगळं त्या आजीला तोंडपाठ आहे. तिला 'पाणी चालतं, दूध नाही' एवढं कळणार नाही?

पण माझा खरा राग आमच्याच लोकांवर आहे. मी नर्सिंग शिकवते. एम.एस्सी.चे प्रबंध दरवर्षी हाताखालून जातात. अमुक गावातल्या मातांचं तमुक विषयीचं ज्ञान. आधी प्रश्नावली, मग माहितीपुस्तिका, मग तीच प्रश्नावली. गुण वाढतात. वाढणारच, उत्तरं तुम्हीच दिलीत ना! निष्कर्ष: 'पुस्तिका परिणामकारक आहे.' बाइंडिंग, सही, कपाट. वॉर्डात काडीचा फरक पडत नाही. एका मुलीने विषय मांडला होता, पेशंटने शेवटचा घोट कधी घेतला आणि भूल कधी दिली, एवढीच नोंद शंभर पेशंटांची करायची. एक वही आणि एक घड्याळ पुरे. तिला सांगितलं गेलं, "सर्जन नाराज होतील, दुसरा विषय घे." मग तिनेही माता घेतल्या.

पुराव्यावर आधारित शुश्रूषा हा शब्द अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत त्यावर टीपही लिहावी लागते. टीप लिहून झाली की ड्युटीवर जाऊन तीच मुलगी 'एनबीएम बारानंतर' लिहिते. तिने न लिहून करायचं काय? मेमो तिलाच मिळेल.

ओटीची लिस्ट क्रम आणि अंदाजे वेळ घालून आदल्या संध्याकाळी वॉर्डात पाठवा आणि पाणी कधी बंद करायचं ते भूलतज्ज्ञांनी एकदा लेखी ठरवून द्या. आठला ओटीत जाणाऱ्याला सहापर्यंत पाणी, तीनला जाणाऱ्या आजीला एकपर्यंत. क्रम बदलला तर ओटीतून एक फोन करा. एवढा हिशेब सिस्टरला येतो.