माळ्यावरची बंदूक



शिरोळ तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात, माळ्यावर, धोतरात गुंडाळलेली एक ठासणीची बंदूक होती. आजेसासऱ्यांची. भुईमुगात शिरणारी रानडुकरं पळवायला ते नुसता बार काढत, असं सासूबाई सांगायच्या. पुढे परवाना मामंजींच्या नावावर झाला. निवडणूक आली की ते ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेत. ते गेले. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली, बँकेची खाती बदलली, बंदूक मात्र कुणाच्या ध्यानातच राहिली नाही.

गेल्या मे महिन्यात आठ वर्षांचा नातू तीच ओढत अंगणात आला. चुलतभावावर नेम धरून तोंडानं "ठो" म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, हे कबूल करते.

रात्री मी परवान्याचा विषय काढला. "अगं, गंजलेलं लोखंड ते, त्याला कसला परवाना?" असं उत्तर मिळालं. हा समज चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. नाहीतर परवानाधारक वारल्यावर ते पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. ठेवायचंच असेल तर वारसानं स्वतःच्या नावानं परवाना मागायचा.

आम्ही ठाण्याला कळवलं. तिथे जाणकार कारागिरानं नळीत गज घातला, तो वीतभर आधीच अडला. आत बार भरलेला होता! काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते, असं तो म्हणाला. माझे पाय लटपटले.

मी कॉमर्सची. इतकी वर्षं आम्ही ही बंदूक घराण्याच्या जमेच्या बाजूला मांडत होतो, ती होती देण्याच्या बाजूची.

धाकटे दीर म्हणाले, "वाडवडिलांची आठवण आहे, वहिनी." ज्यांना अशी आठवण जपायची आहे त्यांनी जरूर जपावी. पण परवाना घ्या, जाणकाराकडून नळी रिकामी करून घ्या, हत्यार कुलपात ठेवा, दारू-काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली परवानाधारकाकडेच. एवढं जमत नसेल तर ठेवू नका.

आम्ही ठेवली नाही. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यात एक हिंसादान, म्हणजे हत्यारासारखं घाताचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. आपण म्हणतो, आम्ही कुठे कुणाला काय देतो? पण बंदूक माळ्यावर उघडी टाकणं म्हणजे जो पहिला हात लावेल त्याला ती देणंच. सूर्यास्ताआधी जेवणारे, पाणी गाळून पिणारे आपण; एका अंगणात दोन नातवांमध्ये भरलेली नळी ठेवून निश्चिंत झोपत होतो.

आजेसासऱ्यांचा फोटो भिंतीवर आहे. आठवणीला तेवढा पुरतो.

घराच्या किल्ल्या आपल्याकडे असतात, म्हणून हे आपलंच काम. चातुर्मासाआधी माळा काढाल तेव्हा असं काही सापडलं तर उचलू नका, गज घालून बघू नका. मुलांना बाहेर काढा, खोलीला कुलूप लावा आणि ठाण्याला फोन करा. पुरुष मंडळी हसली तर हसू द्या.

जय जिनेंद्र.