शंका आली की आधी तपासणी



आज पिकाचा विषय थोडा बाजूला ठेवतो. गेल्या हंगामात चितेगावच्या शिवारात कपाशी पाहून परतत होतो. एक तरुण गाडीपर्यंत सोबत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मला एड्स झालाय."

कुणी सांगितले? कुणीच नाही. महिन्यापूर्वी परगावी कामाला असताना एका बाईशी जवळीक झाली. मिठी, चुंबन, त्यापुढे काही नाही. पण तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. घामोळे आले तरी छातीत धस्स होई. घरात त्याने आपले ताट-तांब्या वेगळे केले, लेकराला जवळ घेईना. 'गुप्तरोग' अशी पाटी लावून बसलेल्या एकाने इंजेक्शने आणि पुड्या देऊन खताचे पैसे खाल्ले. बायको बिचारी आपलेच काय चुकले, याचा विचार करत बसली.

मी विचारले, "गुलाबी बोंडअळीची शंका आली की लगेच पंप उचलतोस का? आधी कामगंध सापळे पाहतोस. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारणी. इथेही धोका किती, ते आधी पाहायचे."

एचआयव्ही मिठीने, चुंबनाने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने होत नाही. निरोधाशिवाय शरीरसंबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि बाधित आईकडून बाळाला, हे त्याचे मार्ग. निरोध नीट वापरला असेल तर धोका फार कमी. गरमी मात्र तोंडातल्या किंवा अंगावरच्या चट्ट्याच्या स्पर्शानेही होऊ शकते. पण पेनिसिलिनने ती बरी होते.

खरोखर धोका घडला असेल तर लाजून घरी बसू नका. ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. दुसऱ्याच दिवशी केलेल्या तपासणीत मात्र काही कळत नाही. आज पेरलेले उद्या उगवत नसते. तीन महिन्यांनंतरची तपासणी निर्दोष आली की शंका सोडा.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. १०९७ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

तो तरुण घाटीत गेला. समुपदेशकाने शांतपणे ऐकून घेतले. एचआयव्हीची तपासणी करण्याइतकाही धोका नव्हता, तरी मनाच्या समाधानासाठी रक्त तपासले. काही निघाले नाही. परवा भेटला तेव्हा लेकरू गाडीच्या टाकीवर पुढे बसले होते.

"घरी सांगितलेस का?" मी विचारले. तो गप्प राहिला. बंधूंनो, रक्ताची शंका दवाखान्यात फिटते. महिनाभर झुरलेल्या बायकोच्या मनातली शंका फेडायला घरातच बोलावे लागते.